पासपोर्ट कोणत्या देशाचा

सोव्हिएत युनियन मोडलं त्या हिवाळ्यात मी उज्जैनच्या एका कापडगिरणीत दुभाषी होते. इंदूरला जाऊन रशियनचा डिप्लोमा केला तेव्हा नातेवाईक हसले होते. पण गिरणीत सोव्हिएत माग आले, ते बसवायला तिकडचा एक इंजिनिअर आला, आणि शहरात त्याच्याशी बोलू शकणारी मी एकटीच निघाले.

गिरणीने आधी जर्मन माग बघितले होते. त्यांचा माणूस आला, छापील दर ठेवून निघून गेला. पैसे परकीय चलनात हवे होते, आणि बसवायला येणाऱ्यांची रोजंदारी वेगळी. त्या वर्षी देशाच्याच तिजोरीत खडखडाट, तिथे आमच्या गिरणीला डॉलर कोण देणार? सोव्हिएत कारभार निराळा होता. माग उधारीवर, फेड रुपयांत, आणि त्या रुपयांतून ते आमचंच कापड उचलणार. माणूसही काम होईपर्यंत इथेच राहणार.

हे इंजिनिअर पन्नाशीचे, सैबेरियातले, कमी बोलणारे. माधव नगरातल्या गिरणीच्या गेस्ट हाऊसमध्ये राहायचे. रविवारी आम्ही त्यांना जेवायला बोलवायचो. माझे बाबा रेल्वेतून रिटायर झालेले. ते त्यांना दरवेळी बांगलादेशच्या युद्धाची गोष्ट सांगायचे. अमेरिकेने आम्हाला गहू दिला, पण देताना चार गोष्टी ऐकवल्या, आणि वेळ आली तेव्हा आमच्या समुद्रात आरमार धाडलं. तुम्ही मात्र पाठीशी उभे राहिलात.

एका रविवारी इंजिनिअर मला म्हणाले, “बाबांना सांग, डॉलर आमच्याकडेही नव्हते आणि तुमच्याकडेही. चीनची धास्ती तुम्हालाही होती आणि आम्हालाही. याला मैत्री म्हणायचं तर म्हणू या.”

मी जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी जेवण आटोपतं घेतलं. नंतर आई म्हणाली, “थोडं गोड करून सांगायचंस की.”

डिसेंबर संपता संपता बातमी आली की तो देशच उरला नाही. आमच्या टेलेक्सला उत्तरं येणं आधीच थांबलं होतं. तिकडे जाणाऱ्या कापडाच्या गाठी गोदामात पडून राहिल्या. निम्मे माग चालू झाले होते. उरलेले तसेच उभे होते, कारण त्यांचे सुटे भाग कुठल्या बंदरात अडकलेत हे सांगायला कुणी नव्हतं. गिरणीत पाळ्या कमी होऊ लागल्या.

इंजिनिअरना वेगळीच काळजी होती. त्यांचा मुलगा सैन्यात होता, बाल्टिक किनाऱ्यावरच्या एका तळावर. तो भाग आता परदेश झाला होता. मी त्यांच्याबरोबर देवास गेटच्या फोन बूथवर जाऊन बसायचे. कॉल बुक करायचा आणि वाट बघायची. बाहेर बसवाले इंदूर, इंदूर ओरडत असायचे. कितीतरी खेपांनंतर एकदाचा फोन लागला. त्यांनी बायकोचं बोलणं ऐकून घेतलं, दोनच शब्द बोलले आणि रिसीव्हर खाली ठेवला.

“मुलाचा पत्ता नाही,” ते म्हणाले. “मला जायला हवं.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर मॅनेजरसाहेबांच्या खोलीत गेले. साहेब इंदूरकडचे, मराठी समजायचं, पण बोलणं नेहमी हिंदीतून. परदेशी माणसाची पोलिसांत नोंद करायची म्हणून इंजिनिअरचा पासपोर्ट त्यांनी मागवून घेतला होता. इंजिनिअरनी तो परत मागितला.

“इनसे कहिए, पहले सारी मशीनें चालू करें,” साहेब म्हणाले. “पासपोर्ट मेरे पास सुरक्षित है।”

मी सांगितलं.  इंजिनिअर म्हणाले की आपण एम्बसीला कळवू. मी तेही सांगितलं.

“किसकी एम्बेसी, मैडम? कौन सा देश?” साहेबांनी टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. त्यांच्याही रात्री झोपेविना चालल्या असाव्यात.

हे वाक्य मी रशियनमध्ये आणलं नाही. न आणताच इंजिनिअरना ते कळलं.

आम्ही बाहेर आलो, गेस्ट हाऊसवर परतायला गाडीत बसलो, आणि फाटकाशी गाडी अडली. रशियन पळून चाललाय अशी हूल खात्यात उठली होती. कामगार पुढ्यात उभे राहिले, मग बाजूंनीही आले. काचेला हात टेकवून लोक आत बघत होते. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.  मागखात्यावर देखरेख करणारा जॉबर पुढे आला. वयस्कर माणूस, कधी आवाज न चढवणारा. त्याने माझ्या बाजूची काच खाली करायला लावली.

“दीदी, इनसे पूछो, ये चले गए तो हमारा क्या होगा?”

मी विचारलं. इंजिनिअर दार उघडून खाली उतरले. मी त्यांना अडवायला हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. गर्दी सरकली नाही. त्यांनी सरळ जॉबरकडे बघून बोलायला सुरुवात केली आणि मी एकेक वाक्य हिंदीत सांगत गेले. सुटे भाग येणार नाहीत. काही माग उघडून त्यांचे भाग बाकीच्यांना लावले तर बरेचसे चालतील. ते काम मी करून देईन, तुमच्या माणसांना शिकवीनही. पण माझा मुलगा सापडत नाही आणि माझा पासपोर्ट माझ्याकडे नाही. बांधून घातलेला माणूस काम करत नाही.

जॉबरला पासपोर्टचं ठाऊकच नव्हतं. त्याने मागे वळून दोघा-तिघांशी बोलून घेतलं, आणि आम्ही सगळे परत साहेबांच्या दारात गेलो.

जॉबरने पासपोर्टची गोष्ट काढली, तसे साहेब माझ्यावरच चिडले. “आप दुभाषिया हैं, वकील नहीं।”

“हो,” मी मराठीतच म्हणाले. घाबरल्यावर माझी हिंदी सुटते. “दुभाषीच आहे. पासपोर्ट मिळेपर्यंत मी एक शब्दही इकडचा तिकडे करणार नाही.”

नोकरी गेली, असंच मी धरून चालले होते.  साहेबांनी खण उघडला आणि तो लाल पासपोर्ट जॉबरच्या हातात दिला. माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीत कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. इंजिनिअर आता केव्हाही दिल्लीची गाडी पकडू शकत होते. भोंगा झाला, तरी ते दिसेनात. जॉबर दोनदा फाटकापर्यंत जाऊन आला. मीही मान वर करून रस्ता बघत होते, आणि ते गेले असते तर मला वाईट वाटलं नसतं हेही खरं. ते आले. पायी आले होते. कोट खुंटीला लावला आणि पहिला माग उघडायला घेतला.

थंडी ओसरेपर्यंत ते काम चाललं. एकीकडे मुलाच्या शोधासाठी फोन चालूच होते. उघडलेले माग सांगाड्यासारखे भिंतीकडेला उभे राहिले, बाकीचे धडधडू लागले. साहेबांनी इंजिनिअरना परतीचं तिकीट काढून दिलं आणि स्टेशनवर स्वतः आले, पण माझ्याशी बोलले नाहीत.

उन्हाळ्यात एक कार्ड आलं. मुलगा घरी पोचला होता, अशक्त पण सुखरूप. ते स्वतः आता चीनच्या सीमेवरून जाकिटं आणून बाजारात विकत होते. बाबांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. “चीनकडून?” एवढंच म्हणाले.

पुढे गिरणीने जुने जपानी माग घेतले. तिकडून आलेले दोघे अतिशय नम्र होते, प्रत्येक स्क्रू मोजायचे, आणि ठरल्या दिवशी ठरल्या वेळी निघून गेले. त्यांना इंग्रजी यायचं, त्यामुळे माझी गरज पडली नाही. मी शाळेत शिकवायला लागले.