काकूंचा डावा गाल

फोटोवाले काका व्हिसाच्या फोटोच्या बाबतीत भलते कडक. मागे पांढरा पडदा, कान उघडे, चष्मा काढलेला, आणि हसायचं नाही. एखादी नवी नवरी खुदकन हसलीच, तर "परत आल्यावर हसा," म्हणून तिला गप्प करायचे. अख्खा बाजार त्यांच्याकडून फोटो काढून परदेश पाहून आला, काका मात्र कॅमेऱ्यामागेच राहिले.

चेहरे साफ करण्यातही त्यांचा हातखंडा. मुरुम, वांग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, माउस फिरवला की गायब. व्हिसाच्या फोटोला मात्र हात लावायचा नाही, जसा चेहरा तसाच फोटो लागतो, हे ते गिऱ्हाइकाला दहादा बजावत.

काकूंच्या डाव्या गालावर पार कानापर्यंत भाजल्याचा डाग होता. लेक तान्ही असताना स्टोव्ह भडकला, आणि तिला पोटाशी कवटाळताना काकूंनी जाळ आपल्या गालावर घेतला. त्यानंतर काकांनी काढलेल्या एकाही फोटोत तो डाग दिसला नाही. काकूंनी कधी विचारलं नाही, आणि बायकोला बरं वाटत असेल अशा समजुतीत काका खूश होते.

आता तीच लेक तिकडे परदेशात बाळंतपणाला टेकली होती. पहिल्या खेपेला पोटातलं गेलं, तेव्हा जवळ माहेरचं कुणी नव्हतं. या वेळी आई हवीच, असं ती फोनवर रडून सांगायची. काकूंनी टुरिस्ट व्हिसासाठी बँकेचे कागद, परतीचं तिकीट, लेकीचं आमंत्रण, सगळं डोळ्यांत तेल घालून जुळवलं. फोटोची तेवढी चिंता नव्हती, तो घरचाच.

नेमका तोच नडला. व्हिसा केंद्रातल्या खिडकीमागच्या बाईंनी फोटो काकूंच्या चेहऱ्याशेजारी धरला, आणि फोटोत फेरफार आहे, नवा फोटो घेऊन नव्यानं तारीख घ्या, असं सांगून अर्ज परत केला. नवी तारीख मिळाली ती बाळंतपणाच्या पुढची. काकांच्या पायाखालची जमीनच सरकली. जन्मभर लोकांना शिकवलं आणि घरच्याच फोटोत शेण खाल्लं.

येताना बसमध्ये ते एकटेच बडबडत होते. मुद्दाम नाही केलं, तुझा फोटो समोर आला की हात आपोआप तिकडे जातो, वगैरे.  घरी न जाता काकू थेट दुकानात शिरल्या, दिवा लावला, स्टुलावर बसल्या आणि गालावरचे केस कानामागे सारले.

"अहो, पोरीला वाचवल्याची एवढीच खूण होती माझ्याजवळ," त्या म्हणाल्या. "दर फोटोत तुम्ही ती पुसलीत. मला वाटायचं, माझं तोंड बघवत नसेल तुम्हाला."

 इतकी वर्षं तिच्या मनात हे होतं, या विचारानं काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी कॅमेरा उचलला. डोळे भरून आल्यानं नीट दिसत नव्हतं, आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "हसू नको."

"आता कसलं हसू," काकू म्हणाल्या. "पोरगी या खेपेलाही एकटीच."

काकांनी बटण दाबलं.