शमिकाच्या आजीचं नाव

बंगळूरातल्या बेळ्ळंदूरच्या त्या उंच इमारतीत प्रेमाला सगळे शमिकाची आजी म्हणत. तिला नाव आहे हे घरच्यांना ठाऊक, बाकी कुणाला विचारायची गरज पडली नव्हती. तिचंही त्यावाचून काही अडलं नव्हतं. अडलं ते सुखदाबाई सातव्या मजल्यावर लेकाकडे राहायला आल्या तेव्हा.

बाईंचे केस पांढरेशुभ्र झाले होते, पण हनुवटी वर करून बोलायची तऱ्हा तीच. प्रेमाने लिफ्टमध्येच ओळखलं. बाईंनी काही ओळखलं नाही.

लहानपणी यशवंतपूरला देवळाच्या ओसरीवर मराठी घरांतल्या पोरांची शाळा भरायची, शिकवायला सुखदाबाई. प्रेमाचे वडील बाजारात पोती उचलायचे आणि घरी बहुतेक दिवस हुलगाच शिजायचा. मधल्या सुट्टीत बाईंनी एकदा तिचा डबा उघडला, नाक मुरडलं आणि म्हणाल्या, "हे तर घोड्याचं खाणं! मग खिंकाळून दाखव बघू." नऊ वर्षांची पोर. बाईंचं ऐकायचं एवढंच शिकलेली. खिंकाळली. ओसरी हसून लोळली. दुसऱ्या दिवसापासून हजेरी घेताना बाईसुद्धा "घोडी" म्हणून हाक मारायला लागल्या. चौथी अर्धी टाकून प्रेमा घरी बसली ती बसलीच. पुढे ती चारचौघांत जेवायला बसली की डावा हात ताटावर आडवा धरायची. लग्नाच्या पंगतीतसुद्धा. नवरा म्हणायचा, "अगं, कोण हिसकावून घेतंय?"

नवरात्रात पुण्याहून आलेल्या मुलींनी खाली भोंडला मांडला. पाटावर हत्ती काढला, सगळ्या जणी भोवती फेर धरून नाचल्या. शेवटी ज्यांनी त्यांनी आपली खिरापत झाकून पुढे ठेवायची आणि बाकीच्यांनी ती ओळखायची. सुखदाबाई खुर्चीत बसून वासावरून एकेक ओळखत होत्या आणि मिरवत होत्या.

प्रेमाने मुद्दाम हुलग्याचे लाडू केले होते. बाई पुन्हा घोड्याचं नाव काढतील, तेवढ्यावर चारचौघींत त्यांना धरायचं, असा तिचा बेत.

तिने डबा हलवला. बाईंनी नाक पुढे केलं. "हुलगा! अगं, किती पौष्टिक असतो! आमचे डॉक्टर तर रोज खा म्हणतात."

"हो ना, भरपूर प्रोटीन," अक्षरा नावाची मुलगी म्हणाली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

प्रेमाच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर ज्याची लाज बाळगली, ते आता डॉक्टर लिहून देतात! बाईंनी हात पुढे केला. प्रेमाने झाकण घट्ट दाबलं.

"खिरापत ओळखलीत. आता आणणारीला ओळखा."

"तुम्ही शमिकाच्या आजी की."

"नाव सांगा, बाई."

बायांना वाटलं, नवा खेळ आहे. हसायला लागल्या. सुखदाबाईही हसल्या. "मालती? कुसुम?" प्रत्येक नावाला प्रेमा मान हलवायची आणि हशा वाढायचा. बाईंनी हळूच अक्षराकडे मान वळवली.

"शेजारणीला विचारायचं नाही," प्रेमा म्हणाली.

बाईंचं हसू आटलं. "किती पोरं हाताखालून गेली गं. शाळेत होतीस का माझ्या?"

"यशवंतपूर. देवळाची ओसरी. घोडी."

बाईंचा पुढे केलेला हात मांडीवर पडला. त्या म्हणाल्या, "खिंकाळायला लावलं होतं मी."

"आणि घोडी हेच नाव पाडलंत. माझी शाळा तिथंच सुटली."

"चुकलं माझं. माफ कर मला..." बाई थांबल्या. पुढे घालायला नाव नव्हतं. ओठ हलत राहिले.

प्रेमाने सगळ्यांना एकेक लाडू वाटला, खुर्ची तेवढी वगळली आणि डबा घेऊन वर निघून आली. सून नीलिमा मागोमाग आली. "आई, ऐंशीला टेकलेली बाई ती. सांगून टाकायचं होतंत."

"शोधू दे की. माझी शाळा सुटली तेव्हा कोण शोधत आलं होतं? आणि तू तोंड उघडशील तर बघ."

तेव्हापासून प्रेमा सकाळी फिरायला उतरली की सुखदाबाई बाकावर वाट बघत असतात.

"शालिनी?"

"नाही."

"विमल?"

"नाही, बाई." आणि तो दिवस प्रेमाचा फार छान जातो. वरण बिनफोडणीचं असलं तरी गोड लागतं.

परवा मात्र बाई काठी टेकत उठून उभ्या राहिल्या. रात्रभर झोपल्या नसाव्यात. "प्रमिला?"

बाई नावाच्या अगदी जवळ पोचल्या होत्या. "नाही," ती म्हणाली आणि भराभर चालायला लागली. फाटकाशी पोचेपर्यंत तिने ठरवून टाकलं, उद्यापासून मागच्या जिन्याने उतरायचं. इतक्या लवकर बाईंना सोडायची तिची तयारी नव्हती.