चंद्राबाईंच्या घरावरची पाटी

गळ्यात हार पडला की पेटीमास्तर आधी तो उलटा करून बघत. आत शिळी फुलं दडवली असतील, हा संशय. पेटीला स्वतःचं कुलूप, किल्ली जानव्याला. मैफलीत कुणी मोठ्याने दाद दिली तरी पुटपुटत, ‘ह्यास काय हवंय आता?’

रत्नागिरीच्या आमच्या संगीत मंडळाने गाण्याच्या जुन्या घरांवर संगमरवरी पाट्या बसवायचं ठरवलं, तेव्हा मी चिटणीस होतो. पहिला मान चंद्राबाईंच्या घराचा. बाई कलावंतीण; आमच्या नामांकित बुवांना गाणं शिकवलं ते त्यांनीच. मास्तर वीस वर्षं बाईंच्या साथीला बसलेले. बाई गेल्यावर त्यांनी दुसऱ्या कुणाची साथ केली नाही.

‘पाटीवर बाईंचं नाव येऊ देणार नाय हे लोक,’ ते मला म्हणाले. ‘बुवांचं घालतील, बाईंना गाळतील. बघा तुम्ही.’

मी मजकूर वाचून दाखवला : ‘या घरात चंद्राबाईंनी बुवांना गायन शिकवले.’ मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षर दिसत नसे. तीनदा वाचायला लावून म्हणाले, ‘तुम्ही लिहिलंत म्हणून मानतो हो, गुरुजी.’

मंडळाचे अध्यक्ष वकील. कागद बघून ते उखडलेच. ‘कलावंतिणीचं नाव दगडावर? गावात तोंड कसं दाखवायचं?’ मी त्यांच्याच शाळेत नोकरीला. ‘या घरात बुवांचे गायनशिक्षण झाले’ असं मुकाट्याने लिहून मी कागद पाटी कोरून घ्यायला आगबोटीने मुंबईला धाडला. मास्तरांना सांगायची छाती झाली नाही.

पाटी उघडायच्या दिवशी मास्तर सकाळपासून गवंड्याच्या मागे लागले होते. ‘चुना नीट भरलास ना? की पावसात पडावी असं सांगितलंय कुणी?’ वकिलांचं भाषण झालं, पडदा सरला, पेढे वाटले. माणसं पांगल्यावर मास्तर माझा हात धरून भिंतीशी आले.

‘बाईंचं नाव कुठाय? दाखवा.’

तेव्हाही खरं सांगता आलं असतं. मी त्यांचं बोट धरून बुवांच्या नावावर ठेवलं. ते सावकाश अक्षरांवरून बोट फिरवत राहिले. साऱ्या गावावर संशय घेणाऱ्या या माणसाने माझ्यावर तेवढा विश्वास टाकला होता. त्याची लाज मला आजही वाटते.

‘खोल कोरलंय हो,’ मास्तर डोळे पुसत म्हणाले. ‘उगाच मी लोकांवर संशय घेतला. चला, वकीलसाहेबांची माफी मागतो.’

मी त्यांना वकिलांकडे घेऊन गेलो.