सासूबाईंची चूल

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.

आमची चूल सासूबाईंनी घातलेली. वारुळाची माती, त्यात धानाचा कोंडा. आरमोरीजवळच्या आमच्या गावात लग्न निघालं की चूल घालायला आधी त्यांना बोलावणं, मांडव मागून. त्यांनी घातलेली चूल तडकत नाही, अशी ख्यातीच होती.

तर त्याच चुलीला एकदा बारीक चीर पडली. आणि मी — काय सांगू — मनातल्या मनात नाचले! कारण बाजारात मी बिनधुराची लोखंडी चूल पाहिली होती. विकणाऱ्याने पेटवूनही दाखवली. मूठभर काड्या, आणि जाळ कसा सरळ वर! धूर औषधालाही नाही. तुम्हाला कधी एखादी वस्तू इतकी हवीशी वाटलीय? मला तर फोडणी देतानाही तीच दिसायची, डोळे चोळतानाही तीच.

सासूबाई म्हणाल्या, लिंपली की झाली नवी. नवरा म्हणाला, आई लिंपतेय ना, मग कशाला दुसरी? झालं! त्यांनी माती कालवली, चीर बुजवली, आणि चूल पुन्हा ठणठणीत. माझं तोंड एवढंसं.

मग — आता सांगूनच टाकते. सासूबाई तळ्यावर गेल्या होत्या. चूल चांगली तापलेली. मी गार पाण्याची बादली उचलली आणि तिच्यावर रिकामी केली. तडाड! पार समोरून मागेपर्यंत. खोटं कशाला बोलू, तो आवाज ऐकून मला आनंदच झाला. ओली राख उपसली, पुन्हा जाळ घालून चूल सुकवली, आणि त्या आल्यावर सांगितलं, आपोआपच फुटली.

त्यांनी तड्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं, ओळखलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "माती चांगली होती वं. माझाच हात गेला आता."

लोखंडी चूल आली. तिच्यावर पहिला भात शिजला तेव्हा मी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. सासूबाईंनीही कौतुक केलं. त्यानंतर मात्र लग्नघरचं बोलावणं आलं की त्या म्हणायच्या, "दुसरीले सांगा. माझी चूल फुटते." मी तिथेच असायचे — आलेल्या बायांसाठी चहा ठेवत.

यंदा माझ्या मुलीचं लग्न झालं. घरभर नुसती धमाल! चूल घालायला शेजारच्या गावची बाई आणली. सासूबाई बाजूला बसून तिला माती कालवून देत होत्या. पाणी मी आणून दिलं, आणि तेव्हाही बोलले नाही.