लांब पोळीचं दुसरं टोक

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी अनेक वर्षं वाचतो, ते खरं सांगायचं तर चुका काढायला. दार आपोआप उघडलं म्हणतात, पण वारा किती होता ते लिहीत नाहीत. सावली दिसली म्हणतात, पण दिवा कुठे होता ते सांगत नाहीत. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही ‘आहे’ असं म्हणवत नाही... म्हणून जे मी पाहिलं तेवढंच पाहिलं म्हणून लिहीन, आणि जे दुसऱ्याकडून ऐकलं ते ऐकलं म्हणून.

मी पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवतो. माझी पुतणी सानिका माहितीपट करते. मागच्या वर्षी तिने पहिल्यांदाच कथापट हाती घेतला. महायुद्धात नाझींनी ज्यू लोकांना छळछावण्यांत कोंडून मारलं. त्यातून वाचलेल्या एका बाईने आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं होतं. रीतसर परवानगी घेऊन सानिका ते मराठीत आणत होती — आपल्याच भागातल्या बाया घेऊन, त्यांच्याच बोलीत.

हंगाम नसल्यामुळे रिकामी पडलेली आमची शेड म्हणजे तिची छावणी. शेड मिळाली होती ती नवा कापूस येईपर्यंतच. शेवटच्या दिवशी एकच प्रसंग उरला होता. उपाशी बाया रिकाम्या टेबलाशी जमतात, आपापल्या घरचा स्वयंपाक हवेतच करतात, आणि करता करता हसायला लागतात.

“हे हसू नाही मिळालं तर सिनेमात नुसतं मरण उरतं, काका,” सानिका मला म्हणाली. “मग मी हा केलाच कशाला?”

दुसऱ्या दिवशी सकाळी कापसाच्या गाड्या लागणार होत्या.

बाया सौंसरकडच्या होत्या. त्यांच्यात कमलाबाई लग्नाकार्यात लांब पोळ्या करणारी. ज्यांनी ही पोळी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो — कणीक भिजवून आपटून आपटून इतकी सैल करतात की ती दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवता येते, आणि मग चुलीवर पालथ्या ठेवलेल्या मडक्यावर टाकतात. एकट्या बाईचं काम. दुसरा हात लागला की फाटलीच.

“अवो ताई, रिकाम्या हातानं कशी करू?” कमलाबाई म्हणाली. “वजनच नाही लागून राहिलं हाताले.”

“भरल्या हातानं कोणती मोठी धड होते तुही!” शेवंताने टोमणा मारला. ही तिची जाऊ.

“तुह्या लग्नात खाल्ली तवा नाही बोलली वो?”

एवढी गंमत चालली, पण कॅमेरा सुरू झाला की सगळ्या गप्प. टेकवर टेक झाले. शेवटी कमलाबाईच म्हणाली, “ताई, राग नका मानू. त्या बायांचे लेकरं गेले, घरदार गेलं. त्यांच्या नावानं हासलो तर पाप लागन.”

“मावशी, त्या हसल्या होत्या. त्यांनीच लिहून ठेवलंय.”

“हासल्या असन. त्यांचा हक्क होता तो. आमचा कायचा?”

सानिकाने हाताने खूण केली आणि कॅमेरा पुन्हा सुरू झाला. दुपारची वेळ, लख्ख ऊन. मी उजेड वळवायला थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून उभा होतो, टेबलापासून चार हातांवर.

आता मी पाहिलं ते. कमलाबाईने हवेतली पोळी हातांवर झुलवली. मग तिचे हात एकदम थांबले आणि समोर ताणले गेले, चादर झटकताना समोरच्याने दुसरं टोक ओढावं तसे. टेबलाच्या पलीकडे कोणी नव्हतं. कमलाबाई एक पाऊल मागे सरकली, पुन्हा ओढली गेली, आणि म्हणाली, “अवो बाई, हळू ओढ नं, फाटन!”

हे वाक्य कागदावर नव्हतं. पुढच्याच क्षणी ती हसायला लागली. खांद्यावरच्या पदराला तोंड पुसत, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. “काय झालं वो?” म्हणत शेवंता हसली, मग सगळ्याच. सानिका कॅमेऱ्यामागे तोंडावर हात घट्ट दाबून उभी होती, आवाज येऊ नये म्हणून.

शॉट संपल्यावर तिने विचारलं, “मावशी, कोणाशी बोलत होतात?”

“ते तुमची गोरी बाई नाही का? आजारातून उठल्यासारखे बारके बारके केस. तिनं तिकडून धरली. म्या म्हटलं, लांब पोळी दोघी मिळून करते का कोणी? तं तेच हासली आधी. मंग आम्हाले कायची बंदी?”

युनिटमध्ये अशी बाई नव्हती. सानिका खाली बसली. तिने सांगितलं की पुस्तकातली बाई जो पदार्थ करते त्याची कणीक टेबलावर दोघी दोन बाजूंनी ओढतात, कागदासारखी पातळ होईपर्यंत. आपल्याकडे कळणार नाही म्हणून तिने ते गाळलं होतं. कोणालाच सांगितलं नव्हतं.

यावरही मी म्हटलं असतं, योगायोग. पण कमलाबाईच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पांढरं लागलं होतं. शेडमध्ये रुईचे, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचे, तंतू उडतच असतात, म्हणून मी ते चिमटीत घेतलं. रुई बोटात वळली जाते. हे घसरलं. बोट ओलं करून पाहिलं तर चिकट गोळी झाली. पीठ होतं. त्या दिवशी जेवायला खिचडी होती, आणि पीठ आणलं का म्हणून मी एकेकाला विचारलं. कोणी आणलं नव्हतं. रेकॉर्डिंगमध्ये समोरच्या बाईचा आवाज नाही, हेही लिहून ठेवतो.

“ते अजून इथंच असन तं तिले चहा द्या,” शेवंता म्हणाली, आणि पुन्हा सगळ्या हसल्या.

सिनेमा पूर्ण झाला. पांढुर्ण्यात दाखवला तेव्हा हॉल भरला होता. सुरुवातीपासून कोणी खोकतही नव्हतं. तो प्रसंग आला, पडद्यावर कमलाबाई हसली, आणि माझ्या शेजारचे म्हातारे गृहस्थ अवघडून माझ्याकडे झुकले.

“हासलं तं चालते का भाऊ इथं?”

“चालते,” मी म्हटलं. “विचारून घेतलं आहे.”

ते हसले, मग मागची रांग, मग अख्खा हॉल. कोणाला विचारलं, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर कमलाबाईकडून ऐकलं तेवढंच सांगितलं असतं... आधी ती गोरी बाईच हसली.