यादीबाहेरचे कान

"भात शिजला का बघायला अख्खं पातेलं उपसतेस काय?" आई मला म्हणायची. शितावरून भाताची परीक्षा, हे तिचं शास्त्र. पुढं मी संख्याशास्त्र शिकले, तरी मुद्दा तोच निघाला. पातेलं केवढं आहे याला फारसं महत्त्व नसतं. भात सगळीकडे सारखा शिजलाय का, यावर किती शितं चाचपायची ते ठरतं.

कुपवाडच्या एका कारखान्यातल्या कामगारांना किती ऐकू येतं, याची पाहणी आमच्या संस्थेकडे आली तेव्हा नमुना केवढा घ्यायचा हे मीच ठरवलं. पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवरचे कामगार वेगळे, पॅकिंगमधले वेगळे. चूक किती चालेल, किती जण 'टाइम न्हाई' म्हणत गाडीला किक मारून सटकतील, सगळं धरून आकडा काढला. मग हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावं निवडली. आकडा चोख होता, आजही कुणीही तपासावा.

गेटाबाहेर आम्हाला एक खोली मिळाली होती. मी आणि कान तपासणारी एक मुलगी. पहिल्याच दिवशी एक बाई नवऱ्याला घेऊन दारात उभी, पलूसहून एसटीनं आलेली.

"म्याडम, तेवढं ह्यांचं बी कान बघा की. हितंच प्रेसवर हुते. ऐकू येईना म्हणून घरी बसवलं."

"मावशी, आत्ता कामावर आहेत त्यांचीच पाहणी आहे. यांचं नाव यादीत नाही."

"बरं," म्हणाली, आणि दोघं बाहेरच्या बाकावर बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. तिसऱ्याही.

मला रागच यायला लागला. एकाला घेतलं की उद्या अख्खं पलूस लोटेल. मग तो नमुना कसला, ती जत्रा. पण खरा राग वेगळाच होता. ती दोघं दिसली की माझा चोख आकडा मला खोटा वाटायचा. ज्यांचे कान गेले ते गेटाबाहेर गेले होते. करपलेला भात आधीच काढून टाकलेला, आणि मी उरलेली शितं चाचपत बसले होते.

शेवटच्या दिवशी सामान आवरता आवरता मीच त्याला आत बोलावलं. नमुन्यात धरणार नव्हतेच. तपासणाऱ्या मुलीनं त्याला हेडफोन चढवला. आवाज आला की बोट वर करायचं, हे बायकोनं खुणांनी समजावलं.

त्याचं बोट लगेच वर गेलं. मुलीनं अजून बटण दाबलंच नव्हतं. तिनं प्लग काढला. बोट वरच.

"काय ऐकू येतंय?" बायकोनं हात हलवून विचारलं.

"प्रेस हाय की!" तो ओरडूनच बोलायचा. "रातदिस चालूच हाय." मग माझ्याकडे वळून त्यानं हात जोडले. "तुमी बंद करताय न्हवं ती? म्हणून तर आलोय."

अहवालात मी एक ओळ घातली, काम सोडून गेलेले यात धरलेले नाहीत म्हणून. ती कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही. हल्ली कुठल्याही पाहणीचा आकडा काढायला बसले की तो बाकावर दिसतो, बोट वर धरून, आणि यादीबाहेर कोण राहिलं असेल याची मला भीती वाटते. ते बंद करायचं बटण माझ्याकडे नव्हतंच, हे त्याला सांगायला हवं होतं. पण सांगणार कसं? त्याला ऐकू येत नव्हतं.