दारावरचा कॅमेरा, समोरचं दार

वैशाखातल्या दुपारी आमच्या अमरावतीच्या घराला एक ठरावीक वास येतो. कूलरच्या ताट्यांमधला वाळा भिजून काहीतरी हिरवट, मातकट हवेत सोडत असतो, त्यात टाकीच्या पत्र्याचा किंचित गंज मिसळतो आणि समोरच्या उघड्या दारातून रस्त्यावरच्या उन्हाची कोरडी धग मधूनमधून या सगळ्याला शिवून जाते. एवढ्या उन्हात दार उघडं कशाला, असं बाहेरगावचे पाहुणे विचारतात. हिशेब साधा आहे. कूलर जेवढी हवा आत ढकलतो तेवढीच बाहेर जायला वाट लागते, नाहीतर खोली गार न होता नुसती चिकट होते. त्यामुळे वऱ्हाडात ऊन जितकं कडक तितकी दारं जास्त उघडी, आणि उघड्या दारातून फक्त हवाच ये-जा करते असं नाही. हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. अकोल्याला ताईच्या घरी एसी बसला तेव्हा सुचलं.

ताई माझी थोरली बहीण. भाऊजी गेल्यापासून ती एका अरुंद गल्लीतल्या बैठ्या घरात एकटी राहते. गेल्या उन्हाळ्यात तिला ऊन बाधलं आणि स्वयंपाकघरात भोवळ येऊन ती पडली. समोरच्या घरातल्या सिंधूबाई, सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, हातात कैऱ्या घेऊन नेहमीसारख्या न विचारता आत शिरल्या आणि त्यांना ताई फरशीवर दिसली. त्यांनी तिला पंख्याखाली घेतलं, ओला पंचा गुंडाळला, शुद्धीवर आल्यावर मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं आणि मग डॉक्टरला बोलावलं. बंगळुरात असलेल्या माझ्या भाचीला, श्वेताला, ताईच्याच मोबाइलवरून फोन गेला तेव्हा ताई उठून बसली होती.

या प्रसंगातून मी असं शिकलो असतो की दार उघडं होतं म्हणून बहीण वाचली. श्वेता असं शिकली की आईवर कोणाचंच लक्ष नव्हतं. तिला दोष देववत नाही. इतक्या दुरून बातमी ऐकणाऱ्याच्या मनात जे चित्र उभं राहतं त्यात आई नेहमी पडलेलीच असते, उठून बसलेली नसते. या वर्षी उन्हाळा लागण्याआधी ती आली, बैठकीत एसी बसवला, एक कॅमेरा बैठकीच्या कोपऱ्यात आणि एक दारावर लावला, आणि टीव्हीशेजारी एक गोल काळी डबी ठेवली. डबीशी बोललं की एसी चालू होतो, बंद होतो, अंश वर-खाली होतात, कॅमेरेसुद्धा झोपतात नि जागे होतात. ताई तिला ‘डबीतली बाई’ म्हणते. ही बाई हिंदीत बोलते, ताईही तिच्याशी आपल्या अकोल्याच्या हिंदीत बोलते, आणि दोघींचं बरं चालतं. जुना कूलर गच्चीवर गेला. एसीसाठी दार बंद ठेवायचं असतं हे श्वेतानं तिला पुन्हा पुन्हा समजावलं, आणि मी जवळचा म्हणून माझ्या फोनवरही ते सगळं बघायची सोय करून दिली.

माझं काम हिशेब तपासण्याचं आहे. कागदावर जे लिहिलंय ते खरं असेलच असं न मानणं हा माझ्या पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे ती डबी मला पहिल्या दिवसापासून खटकली. सतत ऐकत असल्याशिवाय हाकेला ओ देता येत नाही, एवढं तर उघड आहे. मग हाक नसताना जे ऐकलं जातं त्याचं काय होतं, कुठे जातं, कोणाच्या कामी येतं, याचं उत्तर श्वेताकडेही नव्हतं. “मामा, सगळेच वापरतात,” ती म्हणाली. माझ्या धंद्यात हे उत्तर रोज ऐकू येतं, आणि ज्याच्या तोंडून येतं त्याच्याच फायली मी आधी उघडतो.

पण फोनवर मात्र मी बघू लागलो. आधी नुसते अंश. घरातल्या तापमानाची एक निळी रेघ त्या ॲपमध्ये दिवसभर उमटत जाते. सकाळी ती सव्वीसवर आडवी पडलेली असे, शांत, एखाद्या झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी. दुपार झाली की ती एकदम उठायची आणि पस्तिशीच्या वर जाऊन बसायची. उन्हं कलली की पुन्हा खाली. आणि नेमक्या त्याच वेळात बैठकीतला कॅमेरा बंद असल्याचं दिसायचं. एक दिवस असं झालं असतं तर वीज गेली म्हटलं असतं. रोज होतंय म्हणजे कोणीतरी करतंय. मी ताईला सहज विचारावं तसं फोनवर विचारलं, की दुपारी एसी चालू असतो ना.

“असते ना. काहून?”

“काही नाही. गार होतं ना बरोबर?”

“हो रे बापू, कुडकुडून राहिली मी इथं.”

समोर रेघ सदतिसावर होती. माझी बहीण माझ्याशी खोटं बोलत होती, आणि तेही हसत हसत. मग मनात जे जे येतं ते सगळं आलं. घर विकत मागणारे दलाल अधूनमधून येत असतात. कोणी तिला गोड बोलून दुपारी येऊन बसत असेल. कोणी तिच्याकडून कुठे सह्या घेत असेल. आणि कॅमेरा बंद करायला तिला शिकवलं कोणी? श्वेताचाही फोन आला, तिनंही ती रेघ पाहिली होती. आई असं गरमीत बसणार असेल तर दिवाळीनंतर घर बंद करून तिला बंगळुरालाच घेऊन जाते, असं तिनं ठरवून टाकलं. ताईला यातलं काही माहीत नव्हतं. घर राहणार की जाणार हे त्या निळ्या रेघेवर ठरत होतं.

मी न कळवता निघालो. मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत उघड्या खिडकीतून लागणारी हवा भट्टीच्या तोंडाशी बसल्यासारखी होती. दोन्ही बाजूंना काळी शेतं भेगाळून पडलेली, कपाशीची वाळकी झाडं उपटून बांधावर रचलेली, आणि क्षितिजाशी उन्हाचं पाणी हलत असलेलं. इतक्या उघड्या प्रदेशात लपवण्यासारखं काय असू शकतं, असा एक विचार येऊन गेला, पण संशयाला भूगोल समजत नाही. गल्लीत शिरलो तेव्हा सगळीकडे कूलरची घरघर होती, सगळी दारं उघडी होती. ताईचंही.

ती एकटीच होती. एसी बंद, पंखा चालू, आणि उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून ती पदरानं वारा घेत बसली होती. मला बघून दचकली नाही, नुसती ओशाळली.

“पकडलं का मले?” ती म्हणाली. “ये, बस. पानी घे पयले.”

मग तिनं सांगितलं. यंदाच्या पहिल्या कुरडयांच्या दिवशी सिंधूबाई नेहमीसारख्या गव्हाच्या गरम चिकाची वाटी घेऊन आल्या होत्या. लोटलेलं दार ढकलून त्या आत आल्या, आणि बैठकीच्या मध्यावर पोचल्या तोच कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यातून श्वेताचा आवाज आला: कोण आहे? काकू का? आई झोपलीय, काही काम होतं का? ताई आतून उठून येईपर्यंत वाटी टीपॉयवर होती आणि सिंधूबाई गल्ली ओलांडून गेल्या होत्या. श्वेताच्या मनात काही नव्हतं. लहानपणी ती त्यांच्याच मांडीवर जेवलेली. पण ‘काही काम होतं का’ हा प्रश्न त्या गल्लीत कोणी कोणाला विचारत नाही. कामासाठी माणूस कचेरीत जातो.

“तवापासून फिरकल्या नाईत,” ताई म्हणाली. “मी गेली तर बोलतात, चहा देतात. पन येत नाईत. म्हनून मी दुपारी बंद करतो सारं, दार उघडं ठेवतो. दिसलं तं येतीन.”

तिला सदतीस अंशात बसवणारा दलाल हा होता. मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच रागही आला, कारण एवढ्याशा गोष्टीसाठी पुन्हा भोवळ येऊन पडली असती. मीच जाऊन समजावतो म्हटलं. पुरावा असला की माणूस ऐकतो असा माझा अनुभव.

सिंधूबाई ओट्यावरच्या बाजेवर कुरडया उलटवत होत्या. मी सगळं नीट मांडलं. कॅमेरा दुपारी पूर्ण बंद असतो, ताई स्वतः बंद करते, तेव्हा कोणाला काही दिसत नाही, ऐकू येत नाही. त्यांनी कुरडई उचलून उन्हाकडे धरून पाहिली.

“बंद हाय हे कसं वळखावं, भाऊ?”

“त्यावर बारका दिवा असतो. तो विझलेला असतो.”

“आन तो दिवा कोनाच्या हातात हाय?”

हा प्रश्न मी स्वतः दुसऱ्या कुठल्याही प्रकरणात पहिला विचारला असता. उघडा असो की मिटलेला, तो काचेचा डोळा दिसतो तसाच दिसतो. त्याच्या झोपेची साक्ष तोच देतो.

“नलूबाईवर माहा राग नाई,” त्या ताईचं नाव घेऊन म्हणाल्या. “पोरीवरबी नाई. पोरगी भेते बिचारी. पन मी दवाखान्यात जल्मभर दुसऱ्याचं उघडं-नागडं पाहिलं आन तोंडातून शब्द काढला नाई. आता माह्याच मागं पहारा? बरं, तुमच्या फोनात दिसते म्हनता ना? मंग सांगा बरं, काल मी काय नेसली होती?”

त्या थट्टेनं विचारत होत्या, डोळ्यांत हसू होतं. मला उत्तर माहीत होतं. अंजिरी रंगाची सुती, काठ हिरवा. दारावरचा कॅमेरा ताईच्या पायरीपेक्षा समोरचाच ओटा जास्त दाखवतो, आणि तो ताईनं कधी बंद केलेला नव्हता, कारण तो आपल्याकडे बघत नाही अशीच तिची समजूत होती. काल त्या कितीदा बाहेर आल्या, कोणाशी बोलल्या, भांडी घासणाऱ्या बाईवर कशा खेकसल्या, हे सगळं मी अमरावतीत बसून, दलालाच्या शोधात, पाहिलं होतं. मी खोटं बोलू शकलो नाही, आणि खरंही बोललो नाही. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ लागायला त्यांना वेळ लागला नाही. त्यांच्या डोळ्यांतलं हसू गेलं. त्यांनी मान वळवून ताईच्या दाराच्या वर पाहिलं, मग बाज दोन्ही हातांनी धरून, एकाही कुरडईला धक्का न लावता, ओट्याच्या आतल्या कडेला ओढून घेतली आणि आत गेल्या.

परत येऊन मी ताईला हे जसंच्या तसं सांगितलं. तिनं पायात चपला घातल्या आणि भर उन्हात गल्ली ओलांडून गेली. समोर दोघी क्षणभर उंबऱ्यात उभ्या दिसल्या, मग आत गेल्या, आणि त्या दाराचं एक कवाड, मागून दुसरं, कोणाच्या तरी हातानं लोटलं गेलं. सगळ्या गल्लीत कूलर घरघरत होते, सगळी दारं उघडी होती, आणि तेवढं एक मिटलेलं होतं.

मी स्टूल घेतलं आणि दारावरचा कॅमेरा खोबणीतून उतरवला. उन्हानं तो एवढा तापला होता की रुमालात धरावा लागला. वायर काढली तसा खिशात फोन वाजला.

“मामा, बाहेरचा कॅमेरा गेला. तुम्ही तिथे आहात का? आई कुठेय?”

“समोर. सिंधूबाईंकडे.”

“आणि कॅमेरा?”

“मी काढला.”

तिच्या मागे कचेरीतले आवाज ऐकू येत होते. मग ती हळू म्हणाली, “मग आई पुन्हा पडली तर मला कळणार कसं?”

हा प्रश्न खोटा नव्हता, आणि तो कॅमेऱ्याबरोबर खाली उतरला नव्हता. मी तिला विचारलं, सिंधूबाईंचा नंबर आहे का तुझ्याकडे? “नाही,” ती म्हणाली. “कधी गरजच पडली नाही.” मी माझ्या फोनमध्ये शोधला. ताईच्या घरातले अंश होते, दाराबाहेरची प्रत्येक हालचाल वेळेसह नोंदलेली होती. तो नंबर माझ्याकडेही नव्हता.

नंबर मागून आणतो, असं मी तिला सांगितलं, आणि ती थांबते म्हणाली, फोन ठेवला नाही. तो तसाच हातात घेऊन मी गल्ली ओलांडली. आतून बोलण्याचा आवाज येत होता, दोघींचा, शब्द कळत नव्हते. मी ओट्यावर उभा राहिलो. या गल्लीतल्या कुठल्याही घरात मी आजवर न थांबता शिरत आलो होतो. हाक मारावी की कडी वाजवावी, हे ठरवण्याची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती.